गंजीवरचे पोपटी बूट

पुष्पांजलीच्या पायात आज काय असेल, हे तिच्या जन्मदात्या आईलाही छातीठोक सांगता आलं नसतं. फॅशन डिझाइन शिकायला अमरावतीला गेली, त्या वर्षीच पोळ्याला घरी आली ती एका पायात काळा आणि एका पायात हळदीसारखा पिवळा बूट घालून. जळगाव जामोदच्या स्टँडवर कंडक्टरनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अगदी मायेनं विचारलं, "घाईत निघाली काय वं पोरी?" पुढच्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नात पैठणीखाली लष्करी बूट. अख्खा मांडव नवरी सोडून हिच्या पायांकडं बघत बसला, आणि मामीनं ते अजून मनातून काढलेलं नाही. मग एकदा कोल्हापुरी चपलेला खालून लाकडाचे ठोकळे ठोकले. ती ठाक ठाक करत गल्लीतून निघाली की कुत्रीसुद्धा उठून बाजूला होत. गावानं पुष्पीला नावं ठेवणं शेवटी सोडून दिलं. रोज नवीन नाव आणायचं तरी कुठून माणसानं?

या दिवाळीला मात्र तिनं कहर केला. शेवटच्या वर्षाचं मोठं काम होतं, विषय पायताण. बघणाऱ्याची नजर आधी पायांवर जावी आणि मग माणसावर, असं काहीतरी स्वतःच्या हातानं करून आणा, असं कॉलेजनं सांगितलं होतं. पुष्पी चार महिने अमरावतीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात फळीवर बसली, बोटं टोचून घेतली, त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि बूट केले. पोपटी रंगाचे, पिंढरीपर्यंत येणारे, राणी रंगाच्या नाड्यांचे. बाजूनं आरशाच्या टिकल्या आणि खाली चांगला पाच बोटं जाड तळ. घरी पिशवीतून काढले तेव्हा शेजारची शेळी ओरडली. खोटं नाही सांगत.

आता बुटांबरोबर एक फोटो द्यायचा होता, 'आपल्या मातीतला'. सातपुड्याचे डोंगर पाठीशी घेऊन काढावा, तर तसे फोटो इकडची सगळीच पोरं काढतात. पुष्पी दोन दिवस बूट काखेत मारून हिंडली. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तिला आपल्याच घरची छपरी दिसली. पहिल्या वेच्याचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा, कापूस पुरुषभर उंच रचलेला. पांढरीशुभ्र गंजी, आणि तिच्यावर पोपटी बूट!

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं वावरात चप्पल चालते. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्याखुंटांत अनवाणी कोण मरेल? पण कापूस एकदा झाडावरून उतरून बाईच्या ओटीत आला की तो पीक राहत नाही, लक्ष्मी होतो. गंजीवर लेकरं कोलांट्या मारतात, म्हातारे दुपारची झोप काढतात, मांजर विते. पण जोडा छपरीच्या बाहेर. हे पुष्पीला ठाऊक नव्हतं असं नाही, शेतकऱ्याचीच पोर ती. पण शिकलेल्या माणसाला एक खोड लागते, प्रत्येक गोष्टीला पळवाट सापडते.

"आई, हे बूट अजून जमिनीले लागलेच नाईत," ती आशाबाईला म्हणाली. "जे जमिनीले लागलंच नाई ते पायताण कसं काय? मी हातात घेऊन वर चढतो, वर बसून घालतो, वरच काढतो. झालं!"

आशाबाईनं आधी दाराकडं बघितलं आणि मग बुटांकडं. आशाबाईनं जन्मात चप्पल रंग बघून घेतली नव्हती. किती टिकेल, एवढंच बघून घेतली होती. तिनं एका बुटावरच्या आरशावरून बोट फिरवलं. त्या एवढ्याशा टिकलीत तिचा एक डोळा दिसत होता, आणि तो डोळा हसत होता.

"चढ लवकर," ती म्हणाली. "तुह्या बापानं पाहाच्या आत."

मग काय! वर पोरगी कमरेवर हात ठेवून उभी, आणि खाली आई मोबाईल धरून. पहिल्या नऊ फोटोंत पुष्पीचं डोकंच नव्हतं. दहावा मात्र असा आला की दोघी खिदळत खाली बसल्या. पांढऱ्या ढिगाच्या टोकावर पोपटी बूट आणि आरशांमधून उडणारं ऊन. खाली एका कोपऱ्यात काहीतरी पिवळट, धूसर आलं होतं, पण बूट असे उठून दिसत होते की तिकडं कोण बघतं? कॉलेजला देताना तेवढं कापून टाकू म्हणाली, आणि फोटो तसाच स्टेटसला टाकला. पोरगी हुशार, पण घाईची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बाया उभ्या राहिल्या.

बाया म्हणजे वेचणीची टोळी, सत्यभामाबाई धरून अकरा जणी, आणि सगळ्यांच्या पुढं तीच. साठीला आलेली, काटक, आणि जिभेनं अशी की तलाठीसुद्धा तिच्याशी जपून बोले. ती म्हणेल त्या वावरात टोळी उतरायची. या घरच्या कापसाला तर पहिला हात तिचाच. मुहूर्ताच्या वेच्याला सात खडे मांडून, दहीभात शिंपडून, 'दह्यासारखा पांढरा कापूस येऊ दे वं माय' असं सीतादही तिनंच केलं होतं. आशाबाई नवी नवरी म्हणून गावात आली तेव्हापासून दोघींची पात, वेचणीची ओळ, शेजारी. एक थकली की दुसरी तिच्या पातीतली दोन झाडं वेचून टाकायची.

"पुष्पे, बाहीर ये," सत्यभामाबाई म्हणाली.

पुष्पी आली. सत्यभामाबाईनं पदराआडून मोबाईल काढला आणि तिच्यासमोर धरला. "हे तूच हायेस ना वं?"

"हाव, मावशी."

"कशावर उभी हायेस?"

"गंजीवर. पन मावशी, बूट नवे कोरे हायेत, जमिनीले लागलेबी नाईत..."

"ते मी इचारलं काय?" सत्यभामाबाईचा आवाज अजिबात चढला नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "फोटो कोनं काढला?"

घरात आशाबाई भाकरी थापत होती. ते थापणं थांबलं. पुष्पीला पाठीमागून ते थांबणं स्पष्ट ऐकू आलं. आता आई बाहेर येईल, असं तिला वाटलं. तिनं दोन श्वास वाट बघितली. कोणी आलं नाही.

"टायमर लावला व्हता," पुष्पी म्हणाली. "मोबाईल डब्यावर ठेवून."

"टायमर."

"हाव."

सत्यभामाबाईनं मोबाईल पदराआड ठेवला. मग म्हणाली, "बरं. लक्ष्मीवर जोडा चढला, त्या घरच्या कापसाले माह्या बाया हात नाई लावत." आणि अकरा जणी वळल्या. त्या गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत घरातून भाकरीचा आवाज आला नाही.

आता हे झालं कधी? दुसऱ्या वेच्याचा कापूस वावरात फुटून उभा होता. चार एकर पांढरंफटक. आणि उत्तरेला सातपुड्यावर ढग जमून राहिले होते, मोबाईलवर तीन दिवसांत पावसाचा निरोप आला होता. फुटलेला कापूस भिजला की बोंडातच चिकटतो, पिवळा पडतो, त्याची कवडी होते, आणि कवडीला बाजारात कुत्रं विचारत नाही. वर्षभराची मेहनत एका सरीत जाते.

पुष्पीचे वडील गोपाल सायकल घेऊन दुसऱ्या टोळीकडं गेले, तिसरीकडं गेले. उत्तर एकच. "सत्यभामाबाईनं सोडलेलं वावर आमी कसं धरावं, भाऊ?" घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि पुष्पीकडं न बघता म्हणाले, "चार महिने खपून पोरीनं जोडे केले, अन् अख्खं पीक त्याच्याखाली गेलं." मग बायकोकडं वळले. "तू कुठी व्हती वं तवा? तुले दिसली नाई ते वर चढतांना?"

"मी वावरात गेलती," आशाबाई म्हणाली.

पुष्पीनं मान वर करून आईकडं बघितलं. आशाबाई चुलीत लाकूड सारत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी पुष्पीला आईचा असा राग आला की उठून सगळं सांगून टाकावं. अमरावतीला पाठवायच्या वेळी हीच आई साऱ्या भावकीशी भांडली होती. हीच म्हणाली होती, माह्यी पोर जाईन म्हंजे जाईन. आणि आज एक वाक्य तिच्यानं बोलवत नव्हतं! पण पुष्पीला हेही कळत होतं की आपण आठ दिवसांनी बस धरून निघून जाऊ. आईला इथंच, याच बायांत राहायचं आहे. पंचवीस वर्षं शेजारी पात धरून मिळवलेली जागा होती तिची. पुष्पीनं ओटी बांधली आणि ती वावरात गेली.

तिघांनी उरलेला दिवस वेचलं. संध्याकाळी मागं वळून बघितलं तर वेचलेला तुकडा एवढासा, आणि उरलेलं वावर तसंच पांढरं. पुष्पीची बोटं रक्ताळली होती. वाळलेल्या बोंडाची टोकं सुयांसारखी लागतात, म्हणून बाया बोटाला चिंधी बांधतात. पुष्पीला ते आठवलंच नव्हतं. आशाबाई तिच्याजवळ आली. आपल्या लुगड्याच्या काठाची चिंधी टर्रकन फाडली आणि पोरीच्या बोटाला गुंडाळली. तिच्या स्वतःच्या बोटाला आधीच होती. दोघीही एकमेकींकडं बघत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच पुष्पी बूट पिशवीत घालून सत्यभामाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हातारी अंगणात सडा टाकत होती.

"मावशी, तुमी स्वतःच पाहून घ्या." पुष्पीनं बूट उलटे करून धरले. तळ स्वच्छ होता, मातीचा कण नाही. शिलाईत फक्त कापसाचा एक पुंजका आणि त्यात अडकलेली एक सरकी. "चूक झाली ते झाली. मी माफी मांगतो, दंड सांगा, काई बी करतो. पन कापूस भिजू देऊ नका. त्याच्यात आईचे हात लागले हायेत."

सत्यभामाबाईनं बादली खाली ठेवली. बूट हातात घेऊन तळ बघितला, आरसे बघितले, राणी रंगाचा नाडा चिमटीत धरून बघितला. मग परत दिले. "तळ मले नको दाखवू. एकच सांग. फोटो कोनं काढला?"

"टायमरनं."

"अस्सं." सत्यभामाबाईनं बादली पुन्हा उचलली. "मंग टायमरले माह्या निरोप देजो. म्हनजो, सत्यभामा वाट पाहून राह्यली."

पुष्पीनं घरी येऊन तो निरोप जसाच्या तसा सांगितला. आशाबाईच्या हातात कणकीचा गोळा होता. तो तिनं परातीत ठेवला, हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि चप्पलसुद्धा न घालता बाहेर पडली. पुष्पी तिच्या मागं धावत सुटली.

बाया पारावर जमल्या होत्या, डबे घेऊन, कुणाच्या तरी दुसऱ्या वावरात निघायच्या बेतात. आशाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"थांबा वं बायांनो. फोटो मी काढला." एकदा तोंड फुटल्यावर मग तिला थांबता येईना. "पोरीनं मले इचारलं व्हतं. मीच म्हनलं, चढ. मले ते बूट लय आवडले, काय करू? असं रंगाचं कधी पायात घातलं नाई मी, पोरीच्या पायात पाहून जीव हरकला माह्या. अन् तुमी दारात आल्या तवा मले भेव वाटलं. तुमी काय म्हनसान, मले पातीत घेसान का नाई. म्हून मी पोरीले पुढं उभी केली अन् स्वतः घरात दडून बसली. तिच्या बापालेबी खोटं बोलली. घ्या. आता काय म्हनाचं ते मले म्हना."

कोकिळा नावाची एक तरणी बाई तोंडाला पदर लावून उभी होती. सत्यभामाबाईनं मोबाईल काढला, तो फोटो उघडला, आणि दोन बोटांनी त्याचा खालचा कोपरा मोठा मोठा करत नेला. पिवळा, धूसर. मग तो आशाबाईच्या नाकासमोर धरला.

"हे काय हाये?"

आशाबाईनं डोळे बारीक केले. "बोट दिसते."

"कोनाचं?"

आशाबाईनं आपला उजवा हात वर केला. बोटाला पिवळी चिंधी होती.

"चार दिवसांमांगं तुले बोंड लागलं, तवा माह्या पिवळ्या लुगड्याची चिंधी फाडून कोनं बांधली? मले माह्यं लुगडं वळखू येत नाई काय वं?"

"म्हंजे तुले पयल्याच दिवशी..."

"पयल्याच दिवशी. लक्ष्मीचं काय घेऊन बसली? तिच्याम्होरं दहीभात ठेवला, नाक घासलं, का ते मानते. आईच हाये ते. पन लेकरू दारात एकटं उभं हाये, तुह्यासाठी खोटं बोलून राह्यलं, अन् तू भिंतीआड भाकर धरून बसली! ते मले नाई पाहवलं, आशे. म्हून गेली मी." मग तिचा आवाज जरा उतरला. "उद्या तं मी तशीबी आलीच असती. कापसाचा काय गुन्हा?"

आशाबाई रडायला लागली, आणि सत्यभामाबाईनं तिला शिव्या देत देत पोटाशी धरलं. पुष्पी दोघींच्या मध्ये कशी शिरली ते तिचं तिलाही कळलं नाही. "अव माय, रडनं मंग करा!" कोकिळा ओरडली. "आभाळाकडं पाहा जरा!"

आधी छपरीत गंजीपुढं दहीभात ठेवला. मायलेकींनी कापसावर डोकं टेकलं. गोपालना सगळं कळलं तेव्हा ते म्हणाले, "मलेबी दाखवा एकडाव ते जोडे." आणि मग चौदा जण वावरात उतरले. दोन दिवसांत चार एकर साफ. आणि पाऊस? तो सातपुड्यावर दोन दिवस गुरगुरला आणि थेंब न टाकता निघून गेला. त्याला लाज म्हणून नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर कोकिळेनं हळूच विचारलं, "ते जोडे आनले काय वं पुष्पे?" आणले होते. मग जे झालं ते बघायला हवं होतं. एकेक बाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून बूट चढवायची, दोघी हात धरायच्या आणि ती खिदळत दहा पावलं जाऊन यायची. कुणाला सैल, कुणाला घट्ट, कुणाची टाच आतच जाईना. कोकिळा तर परत द्यायलाच तयार नव्हती.

सत्यभामाबाई दुरून बघत तंबाखू मळत होती. शेवटी तंबाखू झटकली. "आना इकडं. धुऱ्यावर चालते. धुरा काई लक्ष्मी नाई."

साठ वर्षांचं ते खरबरीत पाऊल पोपटी बुटात गेलं. नाडा पुष्पीनं बांधला. सत्यभामाबाई उठली, कुणाचाही हात न घेता, कासोटा सावरून, आणि धुऱ्यावरून अशी चालली की जसं सारं शिवार तिच्याच नावावर आहे. टोकाला जाऊन थांबली आणि तिनं वावरावर नजर टाकली.

"अवं आशे, इथून तं माह्या पातीचा पार शेवट दिसते!" ती ओरडली. "फोटो काढ माह्या! अन् बोट बाजूले ठेवजो!"

आशाबाईनं काढला. बोट काही बाजूला राहिलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर सत्यभामाबाईनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पाय ठेवला आणि पेन्सिलीनं माप काढून घेतलं. "मले लाल," ती म्हणाली, "अन् याहून एक बोट उंच."

महिन्याभरानं अमरावतीला परीक्षा झाली. बूट टेबलावर, मागं भिंतीवर सत्यभामाबाईचा धुऱ्यावरचा फोटो, आणि पुष्पी समोर उभी, एका पायात काळा आणि एका पायात पिवळा बूट घालून. बाहेरून आलेल्या मॅडमनी बूट हातात घेऊन शिलाई तपासली, मान डोलावली. मग त्या फोटोपाशी बराच वेळ थांबल्या.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "या बाई तर कमालच आहेत. पण खाली कोपऱ्यात हे पिवळं काय आलंय? कापून का नाही टाकलंस?"

"ती माझी आई आहे, मॅडम," पुष्पी म्हणाली.